न्हाणीच्या पाण्यावरचा ऊस

(संक्रांतीनंतर झालेल्या आपल्या महासंघाच्या सभेत अहमदपूर तालुक्यातल्या एका कृषी सखीनं केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्या ताईंसाठी, बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



मागच्या बैठकीत परसबागेचं बोलणं चालू होतं तेव्हा कंधारकडच्या एका ताईनं विचारलं, "पालक, मेथी, शेवगा समजलं. पण घरामागं दोन ऊस लावले तर जमंल का? लेकरं मागतात." तेवढ्यात मागून दुसरी म्हणाली, "प्यायला पाणी नाही अन् ही ऊस लावायला निघाली!" सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही, कारण मला दोघींचंही पटत होतं. अध्यक्ष ताईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी तूच बोल. म्हणून उभी राहिले.

मी कृषी सखी झाले ते अलीकडं. त्याच्या आधी अकरा हंगाम मी ऊस तोडला. इथं बसलेल्यांत अशा किती जणी आहेत, हात वर करा बरं. बघा, मुखेडच्या आहेत, लोह्याच्या आहेत, जळकोटच्या आहेत. तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेताना अंगठा त्याचा, तोडायला हात दोघांचे. दिवसाला दीड-दोन टन तोडायचा, मोळ्या बांधायच्या, फळीवरून डोक्यानं गाडीत चढवायच्या. गाडी रात्री एकला आली तरी उठायचं. पाळी असली, ताप असला तरी जायचं, कारण खाडा पडला की पैसे कापतात. बीडकडच्या आपल्या बहिणींच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण वर आलं आणि 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते तुम्ही ऐकलंच असेल. त्यावर आज बोलत नाही, त्याला वेगळी सभा पाहिजे.

मी सांगणार आहे ती गोष्ट लहान आहे. पाचव्या का सहाव्या वर्षी संक्रांतीला आम्ही फडात होतो, लेकरं गावाकडं सासूबाईजवळ. मी त्या दिवशी दोन टन ऊस तोडला. संध्याकाळी सासूबाईचा फोन आला, म्हणाल्या, सुगडात घालायला उसाचं कांडं नव्हतं, दुकानावरून दहा रुपयाचं आणलं, त्यात एक कांडं किडकं निघालं. मी फोन ठेवला आणि पाचटावर बसून राहिले. फडात ऊस पाहिजे तेवढा खा म्हणतात, कुणी अडवत नाही. पण आपल्या दारात आपल्या हातानं लावलेला ऊस आपल्या लेकराला द्यायचा, हे मला कधी सुचलंच नव्हतं. ऊस म्हणजे बागायतदाराचा, कारखान्याचा, मुकादमाचा. सातबारावर लिहायचं पीक. बाईनं फक्त तो तोडायचा.

पुढं फडाला जायचं थांबलं, बचत गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या, ते आपल्या गटाला माहीत आहे. त्या वर्षी पहिल्यांदा मी न्हाणीच्या मागं ऊस लावायचं काढलं. आमचे मालक चिडले. "अकरा वर्षं त्याचं तोंड बघितलं, आता घरात पण तेच बघायचं का?" त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या पाठीत अजून दुखतं. मी म्हटलं, तुम्ही बघू नका, तिकडं पाठ करून बसा. आणि लावला.

आता दुसऱ्या ताईचं म्हणणं घेते, पाण्याचं. ते आधी मिटलं पाहिजे.

2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा डबे, एका डब्यात पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास-पन्नास डब्यांची गाडी यायला लागली. साऱ्या देशात लातूरचं नाव झालं, पण कशासाठी झालं? हंड्याच्या रांगेसाठी. त्या वेळी पेपरात रोज एकच वाद, मराठवाड्यात ऊस लावावा का नाही. मी कुण्या शेतकऱ्याला नावं ठेवणार नाही. सोयाबीनचा भाव कुठं जाईल सांगता येत नाही, तुरीचं तेच. उसाला निदान सरकारनं ठरवलेला दर असतो आणि माल घ्यायला कारखाना असतो. माणूस ऊस लावतो तो हौसेनं नाही, भरवशासाठी लावतो. पण पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आता हिशोब करू. वहीत लिहून घ्या, सोपा आहे. सुरू उसाला, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, पाटानं पाणी दिलं तर वर्षभरात साधारण अडीचशे सेंटिमीटर पाणी लागतं. म्हणजे जमिनीवर अडीच मीटर उंच पाणी उभं करायचं, माझ्या डोक्याच्याही वर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेला अडीच हजार लिटर झालं. आपल्याकडं पाऊस पडतो सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. वाहून जाणारा सोडला तर सहाशे धरा, म्हणजे त्या जागेला सहाशे लिटर देवानं दिलं. राहिलं एकोणीसशे. पावसाळा सोडून आठ महिने, दोनशे चाळीस दिवस. भागाकार करा. रोजचे आठ लिटर.

आठ लिटर म्हणजे किती? एक घागर, तीही पुरती भरलेली नाही. उसाच्या एका बेटाला रोज एक घागर.

आता हेच एकराला लावा. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर बसतात. चार हजार गुणिले आठ, बत्तीस हजार लिटर. दहा हजाराचे तीन टँकर, रोज, एका एकराला. ठिबक केलं तर यातलं बरंच वाचतं, चाळीस टक्क्यांपर्यंत. तरी दोन टँकर आलेच. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा करून बघितला, मला वाटलं शून्य चुकलं.

म्हणजे दुसरी ताई एकराबद्दल बरोबर आहे आणि पहिली ताई बेटाबद्दल. तुमच्या घरात पाच माणसं आंघोळ करत असतील, एकेक बादली धरा, पंधरा लिटर. पाऊणशे लिटर पाणी रोज न्हाणीतून वाहून गल्लीत जातं, तिथं डबकं होतं, डास होतात आणि शेजारणीशी भांडण होतं ते वेगळंच. त्यातलं सोळा-वीस लिटर दोन बेटांना दिलं तर प्यायच्या पाण्याला हातही लावावा लागत नाही. उरलेलं शेवग्याला, अळूला, केळीला. माझं म्हणणं एवढंच आहे: घरामागं दोन बेटं, फार तर तीन. चौथं लावायचं नाही. आणि हंड्यानं आणलेलं पाणी उसाला घालायचं नाही, सासरा म्हणाला तरी नाही.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते ऐका म्हणजे तुमचं तसं व्हायचं नाही. हावरेपणानं बारा ठिकाणी टिपरी लावली. कपडे धुतलेलं, सोडा-पावडरचं पाणी तसंच सोडलं. दोन महिन्यांत पानं टोकाकडून करपायला लागली, माती वरून पांढरी, कडक. आठ बेटं गेली. चार राहिली ती आंघोळीचं पाणी जात होतं त्या बाजूची. तेव्हापासून कपड्याचं पाणी वेगळं काढते. आंघोळीचं आणि भांड्याचं पाणी आधी एका गाळणीच्या खड्ड्यात सोडते. दोन फूट खड्डा, खाली विटांचे तुकडे, त्यावर खडी, त्यावर कोळसा, वर वाळू. महिन्याला वरची वाळू धुवायची, नाहीतर चिकटून बसते. भांडी राखेनं घासली तर उत्तमच, पण आता कोण घासतंय.

जागा बघताना ऊन बघा. झाडाच्या सावलीतला ऊस काडीसारखा उंच जातो, गोड होत नाही. निदान सहा तास ऊन पाहिजे. आणि घराच्या भिंतीपासून पाच-सहा हात लांब लावा. उसात उंदीर येतो, उंदरामागं साप येतो, हे फडात काम केलेल्या बाईला शिकवायला नको. माझ्या जावेनं खिडकीखाली लावला होता, एका पावसाळ्यात नाग निघाला, दुसऱ्या दिवशी तिनं सगळा उपटून शेळ्यांना टाकला. खालचं वाळलं पान काढत राहिलं, बेट मोकळं ठेवलं की ती भीती कमी होते.

खड्डा दीड हात लांब-रुंद, एक हात खोल. आपली काळी माती पाणी धरून बसते, त्यात टिपरं कुजतं. म्हणून निघालेल्या मातीत दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि मुरूम असेल तर एक पाटी मुरूम. खड्डा भरताना जमिनीच्या थोडा वरच भरा, पाणी साचायला नको.

बेणं हा खरा मुद्दा. बाजारातून खाऊन उरलेला ऊस लावायचा नाही, खोडव्याचा लावायचा नाही. नऊ-दहा महिन्यांच्या लागणीच्या उसाचा मधला आणि वरचा भाग घ्या, डोळे फुगलेले पण फुटलेले नकोत. बुडाचे डोळे जुने, वाळके असतात, ते उशिरा उगवतात. बुडखा खायला, शेंडा लावायला, असं लक्षात ठेवा. दोन डोळ्यांचं टिपरं करा. कोयता धारदार पाहिजे, एका घावात तुटलं पाहिजे. चिरफळी झाली की तिथून बुरशी शिरते. आतला भाग लाल दिसला तर ते टिपरं फेकून द्या. लावायच्या आधी बीजामृतात बुडवून सावलीत सुकवा. बुरशीनाशक वापरणार असाल तर कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं, हातात मोजे घालून, आणि ती बादली परत न्हाणीत आणायची नाही. एका खड्ड्यात चार टिपरी, आडवी, डोळे बाजूला येतील अशी, वर दोन बोटं माती. थंडीत उगवायला वेळ लागतो, महिना-दीड महिना. रोज उकरून बघू नका. मी बघायचे.

जातीचं विचाराल तर आपल्याकडं शेतात जास्त दिसतो तो 86032. सोलायला कडक आहे, पण गोड आहे, तीन-चार खोडवे चांगले देतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले 265 पण आहे, तो चोपण जमिनीतही तग धरतो. म्हाताऱ्या बायांना पुंड्या आठवत असेल, जाड, मऊ, दातानं सोलता येणारा. मिळाला कुणाकडं तर एक कांडी मला ठेवा, मी शोधतेच आहे.

आणि हे एक ऐकून जा. 86032 च्या आधी "को" लिहितात ते कोइमतूरचं. तिथं तमिळनाडूत 1912 साली उसाच्या नव्या जाती काढायचं केंद्र सुरू झालं. 1930 नंतरच्या काळात तिथं उसाच्या संकरावर काम करणाऱ्यांत एक बाई होत्या, केरळच्या जानकी अम्माल. त्या काळात बाई शास्त्रज्ञ! उसाचा मक्याशी, गवताशी संकर करून बघायच्या. 1977 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला हे प्रशिक्षणात कळलं तेव्हा मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, मग तिलाच विचार उंदराचं काय करायचं.

उगवल्यावर दोन-तीन महिन्यांत फुटवेच फुटवे होतात. सगळे ठेवले तर सगळेच बारीक राहतात. आठ-दहा जोरदार ठेवायचे, बाकीचे काढून शेळीला. चार-साडेचार महिन्यांनी बुडाला मातीची भर द्या, सोबत एक पाटी शेणखत. म्हणजे नवे फुटवे थांबतात आणि ऊस पडत नाही. पावसाळ्यात वारं सुटायच्या आधी त्याच्याच पानांनी तीन-चार जागी बांधून घ्या. माझं एक बेट असंच शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडलं होतं, रात्री दोन वाजता, त्यांना वाटलं चोर आला. तेव्हापासून आमचे मालक स्वतः बांधतात. मला बांधता येत नाही म्हणतात. अकरा वर्षं मोळ्या मी बांधल्या, पण म्हणू द्या.

वाळलेलं पाचट जाळू नका, बुडाला अंथरा. उन्हाळ्यात त्याच्याखाली बोट घालून बघा, ओल दिसंल. घागर एक दिवसाआड दिली तरी भागतं मग. हिरवं पान मात्र म्हशीसाठी ओरबाडायचं नाही, ऊस पानातूनच गोड होतो.

रोगाचं थोडक्यात. मधला पोंगा वाळला, ओढला की सहज हातात आला आणि घाण वास आला, तर खोडकिडा आहे. तो फुटवा जमिनीलगत कापून जाळून टाका, मातीची भर लवकर द्या. शेंड्यातून काळा चाबकासारखा पट्टा निघाला तर ती काणी. त्याला हात लावायच्या आधी प्लास्टिकची पिशवी घाला, काळी भुकटी उडाली की पसरते. मग बेट मुळासकट काढा आणि जाळा. त्यातलं टिपरं कुणाला द्यायचं नाही. वळवाच्या पावसानंतर बाभळीवर, कडुनिंबावर संध्याकाळी भुंगेरे दिसतात, ते फांदी हलवून रॉकेलच्या पाण्यात पाडायचे, त्यांचीच हुमणी होते. यापेक्षा जास्त काही दिसलं तर लातूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, नांदेडकडं पोखर्णी आणि सगरोळीला आहे. पान घेऊन जा, बिनधास्त विचारा.

आता फायद्याचं. गटात पहिला प्रश्न तोच येतो. खोटं बोलणार नाही. एका बेटाला आठ ऊस, एक ऊस दीड किलोचा धरला तर बारा किलो. दहा किलो उसाला साधारण एक किलो गूळ. म्हणजे वर्षभर सांभाळून सव्वा किलो गूळ, आणि जळण वेगळं. गुळासाठी लावू नका बाई. जानेवारीत लावलेला ऊस तुळशीच्या लग्नाला दहा महिन्यांचा होतो, मांडवाला उभा करायला छान. तेव्हा बाजारात पाच उसांची पेंडी घ्यायला किती लागतात ते तुम्हीच आठवा. दोन बेटांतले पाच घरच्या तुळशीला, पाच विकले तरी चालतात. राहिलेले येळवशीला कोपीजवळ आणि संक्रांतीला सुगडात. तोपर्यंत बारा महिन्यांचा होतो, तेव्हाच खरा गोड. जमिनीलगत तोडा, बुडातच साखर जास्त. तोडला की त्याच दिवशी खा, ठेवला की उतरतो. तोडल्यावर बेट तसंच ठेवलं की खोडवा येतो, दोन-तीन वर्षं नवं लावायला नको.

काकवीनं रक्त वाढतं म्हणतात. लोह असतं थोडंफार, पण म्हणून आशाताईनं दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रस लपून प्यायचा नाही. सासूबाई, तुम्हालाच म्हणते, त्या मागं बसल्यात.

कमाई करायचीच असेल तर रोपांत आहे. एक डोळा कापून पिशवीत माती-शेणखत भरून लावला की महिना-दीड महिन्यात रोप तयार. त्याला पाणी कमी, जागा कमी आणि बेणं पण कमी लागतं. उत्तर प्रदेशात ऊस विभागानं महिला गटांकडून अशी रोपं करून घेतली आहेत. आपल्याकडं शेतकरी आता टिपऱ्याऐवजी रोप मागतो. पण आधी मागणी लिहून घ्या, मगच पिशव्या भरा. रोप मोठं झालं आणि गिऱ्हाईक आलं नाही की ते पिशवीतच म्हातारं होतं. आमच्या शेजारच्या गटाचं तसं झालं होतं, सगळं कर्ज अंगावर आलं.

कुणी म्हणेल, मग आहे त्या दीड-दोन एकरात पण थोडा ऊस लावू का? तिथं मी ज्वारी, तूर, भाजीपाला म्हणेन. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात काम करायला लागलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेनं लातूर-धाराशिवच्या बायांना एक एकर आपल्या हातात मागायला शिकवलं. त्यात खायचं पिकवायचं, पाणी कमी लागणारं. 2016 सालीच, रेल्वेनं पाणी आलं त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार त्यांना मिळाला. त्या एकरात काय लावायचं ते बाई ठरवते. ऊस घरामागं, आंघोळीच्या पाण्यावर, दोन बेटं.

आता 2016 चं माझं राहिलं. त्या वर्षी माझी चारही बेटं हिरवी होती मार्चपर्यंत. मग आमच्याकडं आंघोळच आठवड्याला दोनदा व्हायला लागली. लेकराला ओल्या फडक्यानं पुसायचे आणि ते फडकं पिळून बेटाला. एके दिवशी टँकरच्या रांगेत माझं एका बाईशी भांडण झालं. ती म्हणाली, तुझ्या घरामागं ऊस उभाय, तुला कशाला जास्तीचा हंडा. माझ्या उसाला त्या हंड्यातलं थेंबभर जात नव्हतं, पण तिला काय दिसणार? गावाच्या वरच्या अंगाला बोअरवर तीन एकर ऊस उभा होता, त्याला कुणी काही म्हणालं नाही. मी घरी आले, कोयता घेतला आणि चारही बेटं तोडली. वाढे शेळ्यांना घातले, ऊस गल्लीतल्या लेकरांना वाटला. त्या बाईच्या लेकराला पण दिला. मालक दारात उभे राहून बघत होते, ज्यांना ऊस नको होता ते. म्हणाले, "सगळा कशाला तोडलास?"

बुडं वाळली. खोडवा आला नाही. पण आदल्या वर्षी नणंद आली होती, तिला पिशवीत चार टिपरी बांधून दिली होती. ती अर्धापूरकडं दिलेली, केळीच्या मुलखात. तिकडंही त्या वर्षी हाल होते, पण तिच्या घरामागच्या आडाला थोडं पाणी टिकलं आणि एक बेट जगलं. 2017 च्या जानेवारीत ती आली ती डोक्यावर सहा ऊस घेऊन, एसटीत कंडक्टरनं लगेज लावलं म्हणून कुरकुरत. आज माझ्याकडं दोन बेटं आहेत ती त्याच टिपऱ्यांची. म्हणून मी दरवर्षी दुसऱ्या गावच्या दोन बायांना बेणं देते. आपलं गेलं तर मागायला घर पाहिजे.

बाहेर ओट्यावर पोत्यात टिपरी ठेवलीत, सकाळीच तोडलेली. एका बाईला आठ, म्हणजे दोन खड्ड्यांची. ऊस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावता येतो, पण टिपरी दोन-तीन दिवसांत लागली पाहिजेत, तोपर्यंत ओल्या पोत्यात ठेवा. नेताना वहीत नाव आणि गाव लिहा. नांदेडच्या बायांनी आधी घ्या, तुमची गाडी चारला आहे.